एका टन पाण्यातले सोने

समुद्राच्या एका टन पाण्यात सुमारे ३५ किलो क्षार विरघळलेले असतात. त्यांतले तीन चतुर्थांशांहून अधिक म्हणजे आपले नेहमीचे मीठ. मॅग्नेशियम १.३ किलोच्या आसपास असते, ब्रोमीन ६५ ग्रॅम, आणि युरेनियम ३.३ मिलिग्रॅम. यादी खाली खाली जाते तसतसे आकडे लहान होत जातात, आणि एका टप्प्यानंतर ते पाण्याबद्दल काही सांगतात की मोजणाऱ्याच्या भांड्यांबद्दल, हे ठरवणे अवघड होते. सोने त्या टप्प्याच्या बरेच खाली आहे. तरीही समुद्राच्या पाण्यातून काय काढावे याचा विचार सुरू झाला, तेव्हा माणसांच्या डोळ्यांपुढे सर्वांत आधी सोनेच आले. त्या धडपडीचा १८७२ ते १९२७ या काळातला इतिहास रासायनिक अभियांत्रिकीत महत्त्वाचा मानला पाहिजे. पातळ द्रावणातून पदार्थ वेगळा काढणे आणि तो त्यात मुळात किती आहे हे मोजणे, ही दोन कामे एकमेकांपासून तोडली की काय होते, ते त्यात स्पष्ट दिसते.

समुद्राच्या पाण्यातून नवा पदार्थ सापडल्याचे एक मोठे उदाहरण लोकांना आधीच माहीत होते. दक्षिण फ्रान्समधल्या माँपेल्ये येथे आंत्वान बालार या तरुण रसायनज्ञाने १८२६ मध्ये मिठागरातले मीठ काढल्यावर उरणाऱ्या कडवट पाण्यात क्लोरीन सोडला. पाणी पिवळे पडले आणि त्यातून तपकिरी, उग्र वासाचे ब्रोमीन हाती आले. मात्र बालारने वापरलेले पाणी उन्हाने आटवून घट्ट झालेले होते. सूर्याने फुकट केलेल्या त्या कामाचे मोल पुढे शंभर वर्षांनी कळायचे होते.

सोन्याची पहिली भरवशाची नोंद १८७२ मधली. एडवर्ड सॉनस्टाट या इंग्रज रसायनज्ञाने आयल ऑफ मॅन बेटाजवळच्या रॅम्झी उपसागरातले पाणी तपासले आणि त्यात सोने असल्याचे जाहीर केले. प्रमाणाबद्दल त्याने सावधपणे एवढेच म्हटले की ते टनाला एक ग्रेनपेक्षा, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅमपेक्षा, कमी असावे. ही वरची मर्यादा होती. छापील जगात अशा मर्यादेचा आकडा तेवढा लक्षात राहतो, ‘पेक्षा कमी’ हे शब्द गळून पडतात. १८९५ मध्ये सिडनी विद्यापीठातले आर्चिबाल्ड लिव्हरसिज यांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या पाण्यासाठी टनाला अर्धा ते एक ग्रेन असा अंदाज दिला. १९०३ मध्ये स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी तो बराच खाली आणून ६ मिलिग्रॅमवर ठेवला. अऱ्हेनियस हे विद्युत्-विच्छेदनाच्या सिद्धांताचे जनक, आणि त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या शब्दाला वजन होते. पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या पाण्याला हा आकडा लावला की सोने भरते सुमारे ८०० कोटी टन.

अशा आकड्यांचा फायदा आधी उठवला तो एका भामट्याने. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला बाप्टिस्ट धर्मोपदेशक प्रेस्कट जर्नेगन याने १८९७ मध्ये सोने साठवणारे यंत्र तयार केल्याचा दावा केला. जस्ताचा पत्रा लावलेली एक पेटी, तिच्यात पारा, आणि पाऱ्यातून वीज खेळवण्यासाठी बॅटरी. ही पेटी रात्रभर समुद्रात सोडायची आणि सकाळी वर काढायची. गुंतवणूकदारांनी स्वतः पेटी सोडली, स्वतः काढली आणि पारा आपल्या तज्ज्ञाकडून तपासून घेतला. पाऱ्यात खरोखरच सोने निघाले. मेन राज्यातल्या लुबेक गावी भरतीच्या पाण्यावर चालणाऱ्या जुन्या गिरणीत कारखाना उभा राहिला, ‘इलेक्ट्रोलिटिक मरीन सॉल्ट्स कंपनी’चे भाग हातोहात खपले. क्लोंडाइकच्या सोन्याची धावपळ नुकतीच सुरू झाली होती, आणि इथे तर बर्फ तुडवायचीही गरज नव्हती. १८९८ च्या जुलैमध्ये जर्नेगन आणि त्याचा साथीदार चार्ल्स फिशर दोघेही पसार झाले, तेव्हा उलगडा झाला. फिशर पाणबुड्या होता. रात्री पाण्याखालून जाऊन तो पेटीतल्या पाऱ्यात सोने मिसळत असे.

या प्रकरणात रासायनिक तपासणी कुठेही चुकलेली नव्हती. पाऱ्यात सोने होते, तज्ज्ञांनी ते बरोबर मोजले. ते समुद्रातून आले आहे की नाही, हा प्रश्न तपासणीच्या कक्षेबाहेर राहिला होता. पंचवीस वर्षांनी बर्लिनच्या एका नामवंत प्रयोगशाळेला हाच प्रश्न पडला, आणि या वेळी त्यात कोणाचीही लबाडी नव्हती.

फ्रिट्स हाबर यांनी हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया बनवण्याची रीत शोधली. तिच्यासाठी १९१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूचा वापर त्यांच्याच देखरेखीखाली सुरू झाला होता, त्यामुळे त्या पारितोषिकावर दोस्त राष्ट्रांतून टीकाही झाली. पराभवानंतर बर्लिनच्या दालेम भागातली कैसर व्हिल्हेल्म संस्था चालवताना हाबर यांच्या मनात एक विचार घोळत होता. अमोनियाच्या बाबतीत हवेसारख्या सर्वत्र असलेल्या वस्तूतून त्यांनी देशाला खत आणि दारूगोळा दिला होता. मग समुद्रासारख्या सर्वत्र असलेल्या वस्तूतून देशाचे कर्ज का फेडता येऊ नये? मे १९२१ मध्ये लंडनला ठरलेल्या वेळापत्रकानुसार जर्मनीवर १३२ अब्ज सुवर्ण मार्कांची युद्धभरपाई बसली. सुवर्ण मार्कच्या ठरलेल्या दराने याचे शुद्ध सोने होते सुमारे ४७ हजार टन.

हाबर यांची देशभक्ती सर्वपरिचित आहे, पण हा बेत नुसत्या भावनेवर उभा नव्हता. त्यामागे चोख हिशेब होता. टनाला ५ मिलिग्रॅम सोने धरले, तर एका टन पाण्यातल्या सोन्याची किंमत सव्वा ते दीड फेनिग (मार्कचा शंभरावा भाग) होते. म्हणजे एक टन पाणी आत घ्यायचे, गाळायचे, त्यावर रसायने घालायची, सोने अडवायचे आणि पाणी परत सोडायचे, हे सगळे त्याहून कमी खर्चात बसवायला हवे. पाणी उपसण्याचा खर्च कमी करण्यासाठी हाबर यांनी जहाजांचा विचार केला. जहाज चालतच असते, तेव्हा पाणी आपोआप पुढून आत येईल आणि मागून बाहेर जाईल. मागणीचा आकार मात्र या हिशेबात झाकला जातो. ४७ हजार टन सोने टनाला ५ मिलिग्रॅमच्या दराने गोळा करायचे, तर एक कणही न गमावता ९,४०० घन किलोमीटर पाणी गाळावे लागेल. ऱ्हाइन नदी समुद्रात वर्षाला साधारण ७० घन किलोमीटर पाणी टाकते. तिचे सव्वाशेहून अधिक वर्षांचे पाणी चाळण्यासारखा हा खटाटोप होता. पण सगळी भरपाई समुद्रातून निघाली नाही तरी चालणार होते, तिचा काही भाग निघाला तरी जर्मन अर्थव्यवस्थेला श्वास घेता आला असता.

काम १९२० पासून गुपचूप सुरू झाले. सोन्याचांदीच्या शुद्धीकरणातली फ्रँकफुर्टची मोठी कंपनी डेगुसा आणि तिथलीच मेटालबँक यांनी पैसा पुरवला. योहानेस येनिके हे हाबर यांचे मुख्य सहकारी होते. अडवण्याची रीत प्रयोगशाळेत लवकरच बसली. खारट पाण्यात सोने क्लोराइडाशी बांधलेले असते. त्यात अल्कली पॉलिसल्फाइडचा थोडासा अंश घातला, तर सोने त्या बंधनातून सुटते. मग पाणी गंधकाचा लेप दिलेल्या बारीक वाळूच्या थरातून जाऊ दिले की सोने तिथेच धरून राहते. या क्रियेला अधिशोषण म्हणतात: विरघळलेला पदार्थ घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटतो. अतिशय पातळ द्रावणासाठी ही रीत योग्यच होती, कारण सगळे पाणी आटवण्याची किंवा सगळ्या पाण्यात भरपूर रसायन घालण्याची गरज राहत नाही. प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्यात मोजून सोने घालून चाचण्या झाल्या आणि घातलेले जवळजवळ सगळे सोने परत मिळाले. अडवण्याच्या बाजूने बेत पक्का झाला. मोजण्याच्या बाजूने मात्र अजून अऱ्हेनियस आणि त्यांच्या आधीच्या लोकांचे आकडेच गृहीत धरलेले होते. एवढ्या काटेकोर माणसाने असे कसे केले, याचे आश्चर्य वाटते. पण तिघा-चौघांनी वेगवेगळ्या समुद्रांत सोने शोधले होते आणि सगळ्यांना ते मिलिग्रॅमांत सापडले होते. आकड्यांत फरक होता, पण मिलिग्रॅमांच्या त्या पातळीबद्दल शंका घेण्याचे कारण कोणाला दिसत नव्हते.

जुलै १९२३ मध्ये हाबर आणि त्यांची तुकडी हांबुर्गहून न्यूयॉर्कला निघाली. जहाज होते हांबुर्ग-अमेरिका कंपनीचे ‘हान्सा’. एके काळी ‘डॉइचलांड’ या नावाने अटलांटिक ओलांडण्याचा वेगाचा मान मिळवलेले हे जहाज युद्धानंतर इतके मोडकळीला आले होते की दोस्त राष्ट्रांनी जप्तीत तेही नको म्हटले. अशा जहाजावर एक प्रयोगशाळा थाटण्यात आली, आणि तिचा हेतू प्रवाशांना कळू नये याची काळजी घेण्यात आली. त्याच सुमारास जर्मनीत मार्कची किंमत दिवसागणिक कोसळत होती, ऱ्हूर खोऱ्यात फ्रेंच सैन्य बसले होते. त्याच वर्षी पुढे दुसरी सफर ‘व्युर्टेंबर्ग’ जहाजावरून ब्वेनोस आयरेसपर्यंत झाली. वाटेत ठिकठिकाणचे पाणी घेऊन लगेच तपासायचे, असा क्रम होता. निकाल निराशाजनक आले. सोने अपेक्षेपेक्षा फारच कमी निघत होते, आणि एका नमुन्याचा आकडा दुसऱ्याशी जुळत नव्हता.

हाबर यांनी आधी असेच मानले की सोने पाण्यात आहे, आपल्या तपासणीतून ते निसटते आहे. ही शंका रास्त होती. अतिशय पातळ द्रावणातले सोने काचेच्या बाटलीच्या भिंतीला चिकटून बसते. बाटली कपाटात काही आठवडे राहिली, तर तपासणीला जाणाऱ्या पाण्यातले सोने त्याआधीच काचेवर उतरलेले असू शकते. पाण्यातल्या गाळाला आणि सूक्ष्म जीवांनाही ते चिकटते, मग आधी पाणी गाळले की तेही गेले. म्हणून दालेममध्ये मोजण्याची रीत मुळापासून पुन्हा बांधण्यात आली.

नवी रीत धातू पारखणाऱ्यांच्या जुन्या विद्येवर उभी होती. नमुन्यात शिशाचा क्षार घालून शिसे सल्फाइडच्या रूपात खाली बसवायचे. तो साका खाली बसताना सोन्याचे कण आपल्याबरोबर ओढून घेतो. साक्यापासून शिशाची गोळी करायची आणि ती सच्छिद्र मुशीत तापवायची. शिशाचे भस्म मुशीत जिरते आणि सोने मागे राहते. सोनाराच्या दुकानातली केरमाती धुऊन सोने काढणारा झारेकरीही शेवटी शिशाचीच मदत घेतो. हाबर यांच्या मुशीत उरणारा मणी मात्र कोणत्याही तराजूला कळण्याजोगा नव्हता. तो टाकणखाराच्या थेंबात वितळवून गोल केला जाई आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा व्यास मोजला जाई. युक्ती साधी आणि हुशारीची आहे. गोळ्याचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वजन हजार पटींनी घटले तरी व्यास फक्त दहा पटींनी घटतो. एका मिलिग्रॅमच्या लाखाव्या भागाएवढ्या सोन्याच्या मण्याचा व्यास मिलिमीटरचा शंभरावा भाग भरतो, आणि चांगल्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतो. याच नियमाची दुसरी बाजू अशी की व्यास मोजताना दहा टक्के चूक झाली तर वजनात जवळजवळ तीस टक्के चूक होते. पण हजारपटीचा प्रश्न सोडवायचा असताना तीस टक्क्यांची फिकीर कोणी करत नव्हते.

या रितीने पहिली गोष्ट उघड झाली ती वेगळीच. समुद्राचे पाणी न घालता, फक्त रसायने घेऊन सगळी क्रिया केली, तरीही मुशीत सोन्याचा मणी उरत होता. अशा तपासणीला कोरी चाचणी म्हणतात. शिशात सोने असते, कारण धातुकात ते दोघे एकत्र सापडतात आणि शुद्धीकरणात शेवटचा अंश निघत नाही. इतर विक्रियाकारकांत असते, मुशीच्या मातीत असते. ज्या इमारतीत सोन्याचे काम चालते तिथल्या धुळीतही असते. हाबर यांच्या माणसांनी शिसे आणि बाकीची रसायने स्वतः पुन्हा पुन्हा शुद्ध करून घेतली, खोल्या वेगळ्या केल्या, भांडी वेगळी ठेवली. जसजशी रसायने शुद्ध होत गेली तसतसे समुद्रातले सोने कमी होत गेले. जुन्या अभ्यासकांच्या आकड्यांतले बरेचसे सोने त्यांच्या स्वतःच्या बाटल्यांतून आलेले होते, हे मानण्यावाचून गत्यंतर राहिले नाही.

या कौशल्याचा एक उपयोग अनपेक्षित ठिकाणी झाला. जुलै १९२४ मध्ये बर्लिनच्याच तंत्रविद्यालयातले आडोल्फ मीथे यांनी पाऱ्याच्या दिव्यातून दीर्घकाळ वीज खेळवल्यावर पाऱ्याचे सोने झाल्याचे जाहीर केले. अणुक्रमांकांच्या दृष्टीने पारा सोन्याच्या शेजारचाच, त्यामुळे कल्पना वेडगळ वाटत नव्हती, आणि जगभर खळबळ उडाली. हाबर, येनिके आणि फ्रीड्रिख मात्थियास यांनी हा प्रयोग आपल्या नव्या काटेकोरपणाने करून पाहिला आणि १९२६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: सोने पाऱ्यात किंवा उपकरणात आधीपासूनच होते. समुद्राने त्यांना जे शिकवले ते किमयागारांच्या नव्या पिढीवर वापरण्यात आले.

दरम्यान जगाच्या अनेक भागांतून नमुने येत राहिले: उत्तर आणि दक्षिण अटलांटिक, ध्रुवाजवळचे पाणी, सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर. ऱ्हाइनचे पाणीही तपासून झाले. १९२७ मध्ये हाबर यांनी ‘आंगेवांटे खेमी’ या नियतकालिकात समुद्रातल्या सोन्यावर दीर्घ लेख लिहून सगळे काम लोकांपुढे ठेवले. टनाला सोने निघाले मिलिग्रॅमचे काही सहस्रांश, म्हणजे अपेक्षेच्या सुमारे हजाराव्या भागाइतके. एका टन पाण्यातल्या सोन्याची किंमत आता फेनिगचा हजारावा भाग झाली, आणि त्यात पाणी पंपाच्या दाराशीही आणता येत नव्हते. हाबर यांनी बेत सोडला. लेखात त्यांनी अपयश लपवले नाही, उलट चुकीचे सोने कुठून कुठून शिरते याचे सविस्तर वर्णन केले. विश्लेषणाच्या रसायनशास्त्रासाठी तो भाग सोन्यापेक्षा उपयोगी ठरला, असे म्हणण्यास हरकत नाही.

याच काळात १९२५ ते १९२७ दरम्यान ‘मेटेऑर’ हे जर्मन जहाज दक्षिण अटलांटिक तेरा वेळा ओलांडून गेले. ते सोन्याच्या शोधात निघाले होते असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. त्यात अतिशयोक्ती आहे. आल्फ्रेड मेर्त्स यांनी आखलेली ती समुद्रविज्ञानाची मोहीम होती, आणि तिने प्रतिध्वनीच्या मदतीने समुद्रतळाचा जो नकाशा काढला तो आजही गौरवला जातो. हाबर यांच्या सोन्याच्या कथेचे आकर्षण इतके की तिने शेजारच्या मोहिमेलाही आपल्या पोटात घेतले.

सोन्याचा नाद सुटल्यावर समुद्राकडे पाहण्याची दृष्टी बदलली, पण तो बदल जर्मनीत झाला नाही. अमेरिकेत १९२१ च्या अखेरीस थॉमस मिज्ली यांना असे आढळले की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल शिसे घातले की इंजिनातला खडखडाट थांबतो. मात्र शिसे इंजिनात साचते. ते धुराबरोबर बाहेर काढायला ब्रोमीनचे एक संयुग घालावे लागे. मोटारी वाढल्या तशी ब्रोमीनची मागणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून मिळणाऱ्या पुरवठ्याच्या पुढे गेली. हे शिसे विकणाऱ्या एथिल कंपनीने १९२५ मध्ये ‘एथिल’ नावाचे जहाजच तरता कारखाना बनवून समुद्रात पाठवले. समुद्राच्या पाण्यात क्लोरीन आणि ॲनिलीन घालून ब्रोमीन साक्याच्या रूपात खाली बसवायचे, अशी रीत होती. ब्रोमीन निघाले. जहाजाच्या हेलकाव्यांनी रसायनज्ञांची मात्र दैना झाली, आणि खर्चही परवडला नाही. चालत्या जहाजाचा मोह हाबर यांच्याप्रमाणे इथेही नडला.

उत्तर मिळाले किनाऱ्यावर. हर्बर्ट डाउ यांनी मिशिगनमधल्या मिडलंड गावी १८९० च्या सुमारास खाऱ्या पाण्यातून हवेच्या झोताने ब्रोमीन उडवून काढण्याची रीत बसवली होती. तिथले पाणी मुळातच ब्रोमीनसमृद्ध होते. समुद्राच्या पाण्यात तीच रीत लावली तर ब्रोमीन हवेत येईना. कारण पाणी किंचित अल्कधर्मी असते, आणि सुटलेले ब्रोमीन पाण्याशीच संयोग पावून अडकते. आधी थोडे सल्फ्युरिक आम्ल घालून पाणी आंबट केले, मग क्लोरीन सोडला, आणि मग मनोऱ्यातून खाली पडणाऱ्या पाण्यात खालून हवा फुंकली, की ब्रोमीन सुटते. ते धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात पकडायचे. डाउ १९३० मध्ये वारले. त्यांच्या कंपनीने एथिलच्या भागीदारीत उत्तर कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनजवळ, क्यूरी बीच येथे हा कारखाना जानेवारी १९३४ मध्ये सुरू केला. जागेची निवड हाच त्यातला निम्मा शहाणपणा होता. जमिनीची चिंचोळी पट्टी, एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला केप फिअर नदी. पाणी समुद्रातून घ्यायचे आणि वापरून झाल्यावर नदीत सोडायचे, म्हणजे ब्रोमीन काढून घेतलेले पाणी पुन्हा कारखान्यात शिरत नाही. आम्ल आणि क्लोरीन किती घालायचे हे पाण्याच्या सततच्या मोजणीवर ठरत असे. त्यात थोडी उधळपट्टी झाली तरी नफा पाण्यात गेला असता, कारण एक टन ब्रोमीनसाठी किमान पंधरा हजार टन पाण्याला आम्ल पाजावे लागते. त्याच जानेवारीच्या २९ तारखेला, नाझी राजवटीमुळे संस्था आणि देश सोडून आलेले फ्रिट्स हाबर स्वित्झर्लंडमधल्या बाझेल येथे वारले.

दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी हलका धातू हवा होता. डाउ कंपनीने टेक्सासमधल्या फ्रीपोर्ट येथे जानेवारी १९४१ मध्ये समुद्राच्या पाण्यातून मॅग्नेशियमची पहिली लगड काढली. कालवांचे शिंपले भाजून केलेला चुना पाण्यात घालायचा, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा साका खाली बसतो, त्याचे हायड्रोक्लोरिक आम्लाने क्लोराइड करायचे आणि विजेने धातू वेगळा करायचा. मॅग्नेशियम टनाला किलोच्या हिशेबात असल्याने इथे मोजणीचा प्रश्न फारसा नव्हताच. किनाऱ्यावरच चुना, वीज आणि पाणी मिळते की नाही, एवढाच प्रश्न होता. भारतातही वाट अशीच धरली गेली. भावनगरला १९५४ मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने मिठागरांतल्या कडवट पाण्यावर, म्हणजे बालारने वापरलेल्या उन्हात घट्ट झालेल्या द्रावणावर, लक्ष केंद्रित केले. तिथे सोन्याचे नाव कोणी काढत नाही.

समुद्रातले सोने नेमके किती, याचा निकाल लागायला हाबर यांच्या लेखानंतर साठहून अधिक वर्षे गेली. १९९० मध्ये केली फॉकनर आणि जॉन एडमंड यांनी आयन-विनिमयाने सोने एकवटून ते वस्तुमान-वर्णपटमापकाने मोजले. अटलांटिक आणि उत्तर प्रशांत महासागरात एका लिटरला त्यांना १० ते ३० पिकोग्रॅम सोने सापडले. याचा अर्थ एक ग्रॅम सोन्यासाठी तीन ते दहा कोटी टन पाणी. हाबर यांनी अपेक्षित आकडा हजार पटींनी खाली आणला होता, तरीही तो खऱ्याच्या शंभराहून अधिक पट वर राहिला. त्यांच्या काळातली रसायने याहून शुद्ध करणे जवळजवळ अशक्यच होते.

हाबर यांनी सोन्याबद्दल जी पातळी गृहीत धरली होती, टनाला तीन ते सहा मिलिग्रॅम, त्या पातळीवर समुद्रात खरोखर असलेला धातू म्हणजे युरेनियम. त्याचा एकूण साठा ४५० कोटी टनांच्या घरात जातो. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये हार्वेल येथे टायटॅनियम ऑक्साइडवर ते अडवण्याचे प्रयोग झाले, पण पाणी उपसण्याच्या खर्चाने ते मागे पडले. जपानी संशोधकांनी पंपच काढून टाकला. पॉलिथिलीनच्या कापडावर किरणोत्साराच्या मदतीने युरेनियम पकडणाऱ्या ॲमिडॉक्झिम गटांची कलमे करायची आणि ते कापड समुद्राच्या प्रवाहात टांगून ठेवायचे. १९९९ ते २००१ या काळात आओमोरी प्रांताच्या किनाऱ्याजवळ अशा कापडांनी एक किलोहून थोडे अधिक ‘यलोकेक’, म्हणजे युरेनियमचे पिवळे कच्चे संयुग, गोळा केले. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंवर अशीच कलमे करून काम झाले आहे. रीत चालते, यात शंका राहिलेली नाही. पण खाणीतल्या युरेनियमपेक्षा हे युरेनियम अजून कित्येक पट महाग पडते. ॲमिडॉक्झिम युरेनियमबरोबर व्हॅनेडियमही पकडतो, बऱ्याचदा युरेनियमपेक्षा जास्त, आणि ते सोडवायला जोरदार आम्ल लागते. प्रत्येक धुलाईत कापडाची पकड थोडी कमी होते, आणि एक कापड किती वेळा समुद्रात परत सोडता येते यावरच किलोमागचा खर्च ठरतो.